मनावर घेणारा जागल्या

"लिहून घ्या गुरुजी, मनावर घेऊ नका."

असं म्हणताना ती अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन उपसायची आणि माझ्या टेबलावर ठेवायची. माझ्या खिशात पेन असायचं, कधी हातातही असायचं, तरी ठेवायची. परत न्यायची मात्र तिला आठवण नसायची. माझ्या खणात तिची पेनं साठत गेली आणि तिच्या अंबाड्यात नवी उगवत गेली.

तिचं नाव इथं लिहीत नाही. दवाखान्यात तिला नावानं हाक मारणारं तसंही कुणी नव्हतं. सगळ्यांची ती अक्का. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. पण तिच्या वडिलांच्या वयाचे आमचे अध्यक्षही तिला अक्काच म्हणत, आणि ती तिशीतली बाई तो मान बिनतक्रार घेत असे.

आमचा दवाखाना सीमाभागात, मन्नाएखेळ्ळी गावाच्या अलीकडे, हायवेला लागून. धर्मादाय ट्रस्टचा आहे. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आणि इथं तक्रारीच्या खिडकीत येऊन बसलो. बायकोचं डायलिसिस इथंच चालतं. ती आत असताना बाहेर बाकावर बसण्यापेक्षा खिडकीत बसलेलं बरं, एवढाच हिशेब. जन्मभर मी पोरांच्या चुका काढल्या, आता लोक माझ्या काढू लागले.

सुरुवातीला हे जमेना. कुणाचा एक्स-रे सापडला नाही की तो माझ्या सात पिढ्यांपर्यंत पोचायचा. मी उलटून बोलायचो, मग घरी जाऊन जेवायचो नाही. एकदा असाच चिडून बसलो होतो. शेजारच्या खोलीतून अक्का आली. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तिच्याकडे होते आणि तिच्या खोलीला नि माझ्या खिडकीला एकच पंखा होता, त्यामुळे माझ्यावरचा प्रत्येक शब्द तिच्याही कानावर पडायचा.

"काय म्हणला तो माणूस?"

"काय म्हणायचं राहिलं ते विचारा."

"एक्स-रे कुठला, कवाचा, हे लिवलंत का?"

"कसं लिहिणार? तो मला चोर म्हणायला लागला."

"मग तक्रार ऱ्हायली की बाजूला, गुरुजी. शिवी तेवढी मनावर घेतलात, एक्स-रे न्हाई." आणि पेन पुढं आलं. "लिहून घ्यायचं. खिडकीचं काम तेवढंच. आत काय जाऊ द्यायचं ते नंतर बघू."

त्या दिवसापासून माझं जेवण परत सुरू झालं. मी तिचा ऋणी आहे तो इथपासून. पुढचं ऋण मोठं आहे, पण पोटाचं आधी सांगितलेलं बरं.

ती मुडबीची. बसवण्णांना मानणारं घर, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. घरी कानडी, शेजारी मराठी, आणि भांडायचं असलं की दखनी. "हौला है क्या रे तू?" म्हणजे वेडा आहेस का, हे वाक्य मी तिला माणसापेक्षा प्रिंटरला जास्त वेळा म्हणताना ऐकलंय. ती काही साधीभोळी नव्हती. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. चहा स्वतःच्या हातचाच प्यायची आणि तो इतका गोड करायची की शुगरच्या डॉक्टरांनी तिच्या खोलीकडे बघणं सोडलं होतं. कुणी पासवर्ड म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव ठेवलं की भर व्हरांड्यात ती त्या मुलाच्या नावानं त्याला हाक मारायची. तुम्ही असा माणूस पाहिला असेल. जवळ असला की वैताग येतो आणि रजेवर गेला की दवाखाना पोरका वाटतो.

दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या दवाखान्यात कुणीतरी दूरवरून कॉम्प्युटरमध्ये घुसून सगळे कागद कुलूपबंद केले, अशी बातमी आली तेव्हा आमचे विश्वस्त हादरले. तिथले पेशंट म्हणे घरातले जुने रिपोर्ट शोधत फिरत होते. ज्यांना सापडले नाहीत त्यांची औषधं अंदाजानं चालली. आमच्याकडे डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटचं वजन, पाणी किती काढायचं, कोणतं औषध सोसत नाही, हे सगळं त्या कॉम्प्युटरातच. माझ्या बायकोचंही.

अक्कानं एक सॉफ्टवेअर निवडलं. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या दारावर कोण आलं, कुठून आलं, काय नाव सांगितलं, कुणाचा पासवर्ड चुकला, याची नोंद ते एका ठिकाणी करायचं. त्यासाठी त्याला सगळ्या खोल्यांच्या चाव्या दिलेल्या. गावात पूर्वी रात्री फिरणारा जागल्या असायचा, म्हणून तिनं त्याला नाव ठेवलं जागल्या. तिला त्याचं फार कौतुक. सकाळी आल्या आल्या "काय म्हणतो आमचा जागल्या?" म्हणत ती खुर्ची ओढायची.

अध्यक्षांना जागल्या हे नाव हलकं वाटलं. त्यांनी 'आरोग्य सुरक्षा महाकवच' असं नाव दिलं आणि त्याचा फलक करायला टाकला. शिवाय कवच लोकांना दिसलं पाहिजे म्हणून पेशंट बसतात त्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लावून घेतला. त्यावर जगाचा नकाशा, आणि कुठून कुठून आमचं दार वाजतं ते दाखवणारे लाल बाण. बाण सुटायचे ते थेट मन्नाएखेळ्ळीवर. अध्यक्ष त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहात. आपल्यावर एवढं जग टपलंय, याचा त्यांना मनापासून अभिमान वाटत असावा.

उद्घाटनाआधी काही दिवस तो चालवून बघत होते. पेशंट त्याच्याखाली बसून वाट बघायचे. जवळच्याच मेहकर गावचे एक तात्या गुडघ्याच्या ड्रेसिंगला यायचे. हातात नंबरची चिठ्ठी धरून त्यांनी बराच वेळ नकाशा निरखला आणि अक्काला थांबवलं.

"बाई, माझा लंबर कवा यायचा ह्याच्यावर?"

"तात्या, हे लंबराचं न्हाई."

"मग कामून लावलंय?"

अक्कानं एकदा वर टीव्हीकडे बघितलं. "बघायला," एवढंच म्हणाली आणि निघून आली. सिस्टर नेहमीप्रमाणे दारातून नंबर ओरडत होती आणि बहिरे लोक नेहमीप्रमाणे आपला नंबर चुकवत होते.

आता वॉचमनची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं ती कामाला आली. आमच्या आयसीयूच्या दारावर एक म्हातारे वॉचमन आहेत. चिंचोळीकडचे, अस्सल कानडी. नवे आले तेव्हा मराठी शून्य. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. आमचे मोठे डॉक्टर उदगीरचे. त्यांच्या मराठीत प्रत्येक वाक्याला शेवटी 'बा' लागतो, भाताला मीठ लागतं तसा.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "कुणालाच आत सोडू नको बा!"

कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. अप्पा दार सोडून डॉक्टरांकडे आले. "बंदे री," म्हणजे आलो साहेब.

"अरे, तू कामून आलास? तिथंच थांब बा!"

अप्पा आणखी जवळ आले.

"इकडं नको बा, नको बा!"

दोनदा बोलावल्यावर अप्पा पळत आले. तोवर मागं उघड्या दारातून एका पेशंटचं अख्खं गाव आयसीयूत शिरलं होतं. डॉक्टर ओरडत होते, अप्पा हात जोडत होते, आणि दोघांपैकी कुणाचीही चूक नव्हती. अक्कानं मध्ये पडून दोघांना दोन भाषांत समजावलं. नंतर माझ्या टेबलावर डोकं टेकून ती इतकी हसली की अंबाड्यातलं पेन घरंगळून खाली पडलं.

उद्घाटनाच्या सकाळी ती हसत नव्हती.

मांडव पडला होता. बेंगळुरूहून मोठे पाहुणे निघाले होते. शाली आल्या होत्या. आमच्याकडे शालीचा थंडीशी काही संबंध नसतो. मी सूत्रसंचालनाचे कागद घेऊन अक्काच्या खोलीत डोकावलो, तर ती पडद्यावर काहीतरी परत परत वाचत होती. चहा तसाच, साय धरलेला.

"गुरुजी, अध्यक्षांना बोलवा. जागल्याला भोक हाय."

अध्यक्ष कोसा फेटा बांधूनच आले. अक्का उभी राहिली.

"साहेब, आपलं हे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बंद करावं लागतंय. आत्ताच."

"आत्ताच? पाहुणे हुमनाबाद सोडायलेत!"

"कंपनीनंच कळवलंय. जागल्याचं काम काय? आलेल्यानं सांगितलेलं नाव लिहून घ्यायचं. पण ह्यो लिहिता लिहिता त्याचा अर्थ लावायलाय. कुणी नावाच्या जागी हुकूम लिहून धाडला, तर ह्यो तो हुकूम पाळायलाय. घुसायला पासवर्डबी लागत न्हाई. दारावर नुसतं चुकीचं नाव सांगायचं, जगात कुठंबी बसून. ह्याच्याकडं सगळ्या खोल्यांच्या चाव्या हायत, साहेब."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर फेट्याखेरीज काही दिसेना. "चुकीचं नाव सांगितलं तर दार उघडतं? असं कसं होईल, अक्का?"

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "साहेब, आपले अप्पा आठवतात? डॉक्टर म्हणले, सोडू नको बा. डॉक्टरांच्या मराठीत त्या 'बा'ला काहीच अर्थ न्हाई, नुसता शेपूट हाय. अप्पांच्या कानडीत तो हुकूम हाय. ऐकला की दार सोडून निघाले. आपल्या जागल्याला तसाच एक 'बा' ऐकू यायलाय. लोकांनी नुसतं बोललेलं त्यानं नुसतं लिहून घ्यायचं होतं. त्यानं मनावर घेतलं."

मनावर घेणं म्हणजे दुखावणं आणि मनावर घेणं म्हणजे कामाला लागणं. जन्मभर मराठी शिकवून हे दोन अर्थ एका वाक्यात इतके नेमके उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. अध्यक्षांनाही ते कळलं. कळलं, हीच अडचण झाली.

"भोक कसं बुजवायचं?"

"कंपनी दुरुस्ती पाठवणार हाय. कवा ते सांगितलं न्हाई. तवर बंद ठेवा म्हणतात. बाकीची कुंपणं हायत तशीच ऱ्हातील, फक्त जागल्याला घरी धाडायचं."

"मग पाहुण्यांनी बटन दाबायचं कशाचं? अक्का, एक तास. कार्यक्रम होऊ द्या, मग खुशाल बंद करा. एका तासात कोण येतंय मन्नाएखेळ्ळीला?"

"तुमच्याच पडद्यावर बघा की, किती बाण यायलेत ते."

अध्यक्ष लाल झाले. "निवडलं कुणी हे? तुम्हीच ना? तुम्हीच बोर्डापुढं याची आरती ओवाळलात! आता ऐन मांडवात मला तोंडघशी पाडता? बंद केलंत तर पुढच्या कराराचं मला विचारू नका. सांगून ठेवतो."

तिचा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि त्या पगारावर मुडबीचं घर चालायचं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अक्कानं अंबाड्यातलं पेन काढलं. समोरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत खरोखरच काहीतरी खरडलं.

"लिहून घेतलं, साहेब," ती म्हणाली. "मनावर घेत न्हाई."

आणि खुर्चीत बसून तिनं जागल्या बंद केला. बाहेर हॉलमध्ये जगाचा नकाशा विझला. तात्या त्या दिवशीही आले होते. त्यांचा आवाज आत ऐकू आला, "गेली का लाईट?"

अध्यक्ष खुर्चीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. इतकी वर्षं मी त्यांच्या भाषणांची थट्टा करत आलो, पण त्या क्षणी ते मला साधे, घाबरलेले गृहस्थ दिसले. आणि त्यांनी हात लांबवून ते परत सुरू केलं नाही की कुणाला करायला सांगितलं नाही, हेही मी नोंदवून ठेवतो.

अक्कानं दारातून हॉलमधल्या काळ्या टीव्हीकडे बघितलं. अचानक उठली. "तात्यांचा लंबर," म्हणाली. एक लांब वायर खांद्यावर टाकून ती नंबरच्या चिठ्ठ्या देणाऱ्या केसपेपरच्या खिडकीकडे पळाली. चपला खोलीतच राहिल्या.

पाहुणे आले. भाषणं झाली. 'महाकवच' या शब्दाचा उच्चार मी सूत्रसंचालनात जितका टाळता येईल तितका टाळला. पाहुण्यांनी बटन दाबलं, मखमली पडदा सरकला आणि भिंतभर टीव्हीवर दारातूनही दिसेल एवढा मोठा आकडा उमटला. वर लिहिलं होतं, 'आता आत जावे'.

टाळ्या पडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "माझा हाय की! माझा हाय!" तात्या चिठ्ठी उंच धरून, दुखरा पाय ओढत, व्यासपीठ आणि पाहुणे यांच्या मधून आत चालू लागले. पाहुणे बाजूला झाले. त्यांना वाटलं, हे ठरवलेलंच आहे. नंतर आपल्या भाषणात ते म्हणाले की बहिऱ्याला दिसेल आणि म्हाताऱ्याला वाचता येईल, हीच खरी सुरक्षा. अध्यक्षांनी मान डोलावली. अक्का खांबाआड अनवाणी उभी होती, वायरीचं दुसरं टोक हातात धरून. जोड सैल होता, हात काढला असता तर आकडा गेला असता.

नंतर मी तिला म्हणालो, "तुम्ही तर सांगता, खिडकीवर ऐकलेलं मनावर घ्यायचं नाही."

"तात्या खिडकीवर थोडंच बोलले?" ती म्हणाली. "आणि गुरुजी, रोज माणसं तेच विचारायलीत. कुणीतरी कवातरी मनावर घ्यायला नको?"

दुरुस्ती आली, जागल्या परत कामावर रुजू झाला. त्या मधल्या दिवसांत आमच्याकडे कुणीही घुसलं नाही. एकही रिपोर्ट हलला नाही. माझी बायको ठरल्या दिवशी ठरल्या खाटेवर पडली आणि सिस्टरनं पडद्यावर बघून तिचं वजन वाचलं.

हेच अक्काला नडलं. बोर्डाच्या बैठकीत मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो; एक सभासद म्हणाले, "काही झालंच नाही, तर बंद कशाला केलं होतं?"

"बंद होतं म्हणून झालं न्हाई."

"कशावरून?"

तिच्याकडे पुरावा नव्हता. जे घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही, त्याला हार घालता येत नाही. मग विचारलं गेलं की भोक असलेलं सॉफ्टवेअर निवडलं कुणी. ती म्हणाली, "मीच. तवा भोक कुणालाच ठाव नव्हतं, मलाबी न्हाई. कळल्यावर बंद केलं." मी म्हणालो की तिची निवड नव्हे, तिचं बंद करणं आपण बघावं. बोर्डानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचा करार वाढवला नाही. अध्यक्ष त्या बैठकीत गप्प होते. बाहेर आल्यावर मात्र तिला म्हणाले, "मनावर घेऊ नका, अक्का." तिचंच वाक्य, तिलाच.

त्या दुपारी ती हॉलमध्ये पेशंटांच्या बाकावर बसली होती, वर बदलणाऱ्या आकड्याकडे बघत. मी शेजारी जाऊन बसलो.

"घेतलंत का मनावर?"

"घेतलं की थोडं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी काय दुरुस्ती बसवलेलं सॉफ्टवेअर हाय का, गुरुजी?"

तिला गुलबर्ग्याला काम मिळालं. बसच्या पाटीवर कलबुर्गी लिहितात, पण कंडक्टर अजून गुलबर्गाच ओरडतो. ती निघाली त्या दिवशी मी स्टॉपपर्यंत गेलो. अप्पाही ड्यूटी सोडून आले होते. या वेळी त्यांना कुणी चुकून बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "होगि बर्री, अक्का." जाऊन या. कानडीतही आपल्यासारखंच, जाणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत.

मी आभाराची चार वाक्यं जुळवून नेली होती. शाळेत निरोप समारंभाला वापरायचो तसली, कर्ताकर्म सगळं जागच्या जागी. तिच्या अंबाड्यात त्या दिवशी पेन नव्हतं. सगळी माझ्या खणात. ते दिसलं आणि चारही वाक्यं गेली. बस सुरू झाली तेव्हा तोंडातून एवढंच निघालं,

"नका जाऊ बा."

तिनं खिडकीतून वळून बघितलं. डोळे भरलेले, पण खोडी तीच.

"हे मराठीत म्हणलात का कानडीत, गुरुजी? लिहून घेऊ, का मनावर घेऊ?"

मी उत्तर दिलं, त्यालाही शेवटी 'बा' लागलाच. बस हायवेला लागली होती. तिला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. शेजारी उभे असलेले अप्पा मात्र ते ऐकून एक पाऊल पुढं आले.